निवेदकाचा निखळलेला जबडा

"मॅडम, पोरावरनं वारं गेलं!" असं ओरडतच आप्पा माझ्या शिरूरच्या क्लिनिकमध्ये शिरले. मागे त्यांचा मुलगा बबन. तोंड सताड उघडं, हनुवटी पुढे आलेली, लाळ टिपायला गळ्यात टॉवेल. बाहेर बसलेले पेशंट आपापले दात विसरले.

बबन वडगाव रासाईचा. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतींचं निवेदन करतो. शिरूर-दौंडकडचा कुठलाही घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, त्याच्या आवाजाशिवाय रंगत नाही. त्यात आज त्याच्याच गावची यात्रा. दुपारी पहिला गाडा सुटायचा होता.

"सकाळी जांभई दिली, आन् तोंड मिटंचना," आप्पा म्हणाले. "लकवाच हाय. कबुतर आणाया मानूस धाडलाय."

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचं, ही आमच्याकडची जुनी समजूत. मी म्हटलं, "आप्पा, आधी त्या माणसाला फोन लावा आणि परत बोलवा."

"आवाज गेला तर ह्यानं करायचं काय? दुसरं काय येतंय त्येला?" आप्पांनी डोळे पुसले. बबनचेही डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं.

"बबनराव, भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. आता दोन्ही हात पुढे धरा." त्याने सगळं नीट केलं. कानाच्या पुढे बोट लावलं तर दोन्हीकडे खड्डा लागला. माझा जीव भांड्यात पडला. लकवा नव्हता, जबडा निखळला होता.

चेहऱ्यावरचे हावभाव मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेवर चालतात. ती बिघडली की एका बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. चावायचे स्नायू मात्र पाचव्या नसेच्या खालच्या शाखेवर. गालावर बोटं ठेवून दात आवळा, जो टणक गोळा लागतो तो मॅसेटर. कानशिलावर हलतो तो टेम्पोरॅलिस. तिसरा जबड्याच्या आतल्या बाजूला. तिघांचं काम तोंड मिटायचं. पण जबड्याचं टोक खाचेतून पुढे निसटलं, की हेच तिघे घाबरून आखडतात आणि त्याला मागे येऊ देत नाहीत.

आप्पांना एवढं कुठलं सांगत बसू? म्हटलं, "घरातल्या लाइटची लाइन वेगळी आणि विहिरीवरच्या मोटरची वेगळी, हो ना?"

"व्हय."

"तसंच हे. दोन्ही लाइन चालू आहेत. मोटर तेवढी जागेवरून सरकलीय."

"मग बसवा की!"

बबनला खाली बसवलं. अंगठ्यांना गॉज गुंडाळलं, कारण जबडा बसताना दात खटकन मिटतात आणि मला माझे अंगठे रोज कामाला लागतात. खालच्या दाढांवर अंगठे ठेवले. "अंग ढिलं सोडा, बबनराव."

तेवढ्यात मागून बबनचं डोकं धरून उभे असलेले आप्पा ओरडले, "हाण! हाण! हुर्र्र!" घाटावर ओरडायची सवय. बबनने सवयीनेच सगळं अंग ताणलं. जबडा जागचा हलेना.

"आप्पा, बाहेर जा!"

आप्पा गेले. बबनला सावकाश श्वास घ्यायला लावला. पुन्हा आधी खाली दाबलं, मग मागे ढकललं. टक्क! अंगठे मी वेळेत काढले.

बबनचा पहिला प्रश्न, "मॅडम, वाजले किती?"

"वेळ आहे. पण दोन आठवडे मऊ खायचं, तोंड वासायचं नाही, ओरडायचं तर बिलकूल नाही."

त्याचा चेहरा पडला. "मग घाट?"

"माईक असतो ना? बोटभर तोंड उघडायचं आणि सावकाश बोलायचं." हनुवटीवरून डोक्यापर्यंत पट्टी बांधली आणि त्याला यात्रेला पाठवलं.

संध्याकाळी आप्पांचा फोन. मागे हलगी वाजत होती. "मॅडम, घाट गाजला! दर साली नुस्ता गोंगाट. औंदा पयल्यांदा गाडामालकांची नावं समद्यांना कळली. कमिटी म्हणती, पुढल्या साली बी ह्याला तोंड बांधूनच आणा!"

डेंटिस्ट म्हणून एवढंच सांगते, जांभई देताना हनुवटीखाली हात धरावा. बाकी कमिटीशी माझं एकमत आहे.