पान रिकामं आहे

सर आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. पण ग्रंथालयात कायमच्या प्राध्यापकांपेक्षा तेच जास्त दिसायचे. आधी त्यांना दिवेलागणीनंतर दिसेना झालं, मग फळ्यावरचं अक्षर, मग समोरच्याचा चेहरा. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. तास बंद झाले आणि ते धारूरजवळच्या आपल्या गावी गेले. पीएच.डी. मात्र त्यांनी सोडली नव्हती. विषय होता निजामाच्या काळातले आठवडी बाजार.

मी तिथली ग्रंथपाल. सरांना लागेल ते शोधून द्यायचं, एवढंच मला करता येण्यासारखं होतं. त्यांच्या आग्रहावरून मी ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर घालून घेतलं. सर ते इतक्या वेगानं लावायचे की मला नुसती कुणकुण ऐकू यायची. त्यांना मात्र शब्दन्‌शब्द कळायचा. एसटीनं बायको त्यांना घेऊन यायची, खुर्चीत बसवायची आणि स्वतः खिडकीजवळ हरभऱ्याची भाजी निवडत बसायची.

एका इंग्रजी लेखाचा उल्लेख त्यांना वारंवार सापडत होता. कुणीतरी परदेशी अभ्यासक फार पूर्वी बालाघाटातल्या बाजारांतून हिंडला होता आणि त्यात धारूरच्या बाजारावर मोठा भाग होता. छापील अंक मराठवाड्यात कुठेच मिळेना. शेवटी दूरच्या एका मोठ्या ग्रंथालयाकडे तो इलेक्ट्रॉनिक रूपात असल्याचं कळलं. मी मागणी पाठवली. सोबत हमीपत्रावर सही केली की या लेखाची कुठल्याही प्रकारे नक्कल होणार नाही.

लिंक आली तेव्हा मीच त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघं आले. फाइल ज्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडेल तिथंच चालणार होती, छापता येणार नव्हती आणि ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप बंद होणार होती. हे सगळं मी सरांना वाचून दाखवलं.

"असू द्या मॅडम," ते म्हणाले. "मला कुटं घरी न्यायचंय? इथंच ऐकतो."

त्यांनी कानाला हेडफोन लावला. थोड्या वेळानं काढला, पुन्हा लावला.

"मॅडम, पान रिकामं आहे म्हणतंय."

मी पडद्याकडे पाहिलं. बारीक अक्षरांनी पान खचाखच भरलेलं होतं. मी पुढचं पान काढलं, तरी तेच. बायको उठून आमच्या मागं येऊन उभी राहिली.

"भरलंय की," ती म्हणाली. "वरून खालपर्यंत भरलंय. मला वाचता येईना, पण दिसतंय."

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाला बोलणारं सॉफ्टवेअर आणि चोरी यांतला फरक कळत नव्हता, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

मी लेख पाठवणाऱ्या ग्रंथालयाला लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं: आमचे हात करारानं बांधलेले आहेत, प्रकाशकाकडे विचारा. प्रकाशकाकडून यंत्रानं लिहिलेलं आभाराचं पत्र आलं, पुढे काही नाही. प्राचार्य म्हणाले, "मोबाइलवर फोटो काढा अन् द्या की, फोटोतला मजकूर वाचून दाखवणारी ॲप असतात. कोण बघतंय?" मी ते सरांच्या कानावर घातलं.

"नको," सर म्हणाले. "तुमच्या सहीवर आलंय ते. उद्या कॉलेजची मागणीच बंद केली तर बाकीच्या पोरांनी काय करायचं?"

मग मीच वाचून दाखवायचं ठरवलं. माझं शिक्षण सिरसाळ्याच्या मराठी शाळेतलं, इंग्रजी वाचताना जीभ अडखळायची. तळटिपा आल्या की मी गोंधळायची. सर मान खाली घालून ऐकायचे, मधेच "मागचं वाक्य परत एकदा," म्हणायचे, आणि लॅपटॉपवर स्वतःच्या शब्दांत मुद्दे टाइप करायचे. काउंटरवर कुणी आलं की मला उठावं लागायचं. परत येईपर्यंत ते तसेच बसलेले असायचे, बोटं कीबोर्डवर ठेवून. त्यांना असं थांबताना बघवत नव्हतं. जो माणूस तासाभरात सगळं ऐकून मोकळा झाला असता, तो माझ्या गतीनं चालत होता.

तरी आम्ही पुढे सरकत होतो. धान्याचा बाजार झाला, जनावरांचा झाला. धारूरचा भाग तेवढा शेवटी होता.

मग विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या आणि मला वर्गावर पर्यवेक्षणाला बसवलं. परीक्षा संपल्यावर दोघं पुन्हा आले. मी फाइल उघडली. पडद्यावर फक्त एक ओळ आली. या वेळी खरंच पान रिकामं होतं.

"मुदत संपली, सर."

"किती राहिलं होतं?"

"धारूर."

बायको म्हणाली, "ताई, पुन्यांदा मागवता येत न्हाई का?"

मी मागवलं. एकाच वाचकासाठी तोच लेख पुन्हा देता येत नाही, असं उत्तर आलं. माझ्या नावानं मागितलं असतं, पण सर म्हणाले, पुन्हा तीच कसरत तुम्हाला नको. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत मी त्यांच्यासोबत गेले.

पुढे मार्गदर्शकांनी धारूरवरचं प्रकरण अपुरं म्हणून परत पाठवलं. तोवर नोंदणीची मुदत सरत आली होती. मुदतवाढीचा अर्ज सरांनी केलाच नाही. आता ते भावाच्या किराणा दुकानात बसतात. नोटा बोटांनी ओळखतात म्हणे.

बऱ्याच महिन्यांनी प्रकाशकाचं खरं उत्तर आलं. अंध वाचकांसाठी वेगळी फाइल देता येईल, पण मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अर्ज हवा. आमचं कॉलेज तशी संस्था नव्हतं. तरी धडपड करून एका संस्थेकडून मी अर्ज करवला, आणि फाइल आली. बोलणारी. मी स्वतः थोडी ऐकून पाहिली, धारूरच्या भागापर्यंत गेले, आणि सरांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागं दुकानात कुणीतरी साबण मागत होतं.

"लई खटपट केली तुम्ही, मॅडम," ते म्हणाले. "पण लॅपटॉप पुतणीला दिलाय, ती कॉलेजला हाय. अन् आता तेवढ्या वेगानं ऐकायची सवयबी मोडली."

मी म्हटलं, मी येऊन हळू लावून देईन. ते साबणाची किंमत सांगून परत फोनवर आले.

"याल तव्हा चहाला या," ते म्हणाले. "लेखाचं राहू द्या."

मी अजून गेलेले नाही. फाइल आमच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि दुसऱ्या कुणी ती मागितलेली नाही.