बांधणी कुणाची

बाइंडरमास्तरांचे हात बघून कुणालाही वाटलं असतं, या माणसाला काय धाड भरली आहे? दहा बोटं जागच्या जागी, नखं कापलेली, सूज नाही की व्रण नाही. फक्त त्या हातांना काही कळत नव्हतं. गरम कळत नव्हतं, गार कळत नव्हतं, आणि धरलेली वस्तू हातात आहे की जमिनीवर, हे खाली बघितल्याशिवाय समजत नव्हतं. सुरुवात झाली ती बाइंडिंगच्या कारखान्यात. एका जाड वहीच्या पानांवर रक्ताचे ठिपके दिसले तसे मास्तर सगळ्यांवर खेकसले, "कुणाचं बोट कापलंय? पानं नासताहेत!" सगळ्यांनी आपापली बोटं तपासली. मग सगळ्यांनी मास्तरांच्या हाताकडे बघितलं.

डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं भलंमोठं नाव सांगितलं आणि हे बरं होणार नाही, एवढं मात्र थोडक्यात उरकलं. वर्षभरात मुठीतला जोर गेला. एकतीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस दोन खोल्यांत येऊन बसला.

बायको एका शाळेत सफाईला जायची, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. निघताना ती मास्तरांना कपडे घालायची, ताट झाकून ठेवायची आणि त्यांच्या मनगटाला पट्ट्याने चमचा बांधून द्यायची. तो चमचा घेऊन मास्तर दिवसभर खुर्चीत बसत. कमरेचं सोडणं-बांधणं जमत नसे, म्हणून ती येईपर्यंत पाणी पीत नसत. सरकारी असमर्थता भत्ता सुरू झाला तर ती अर्धा दिवस काम करून दुपारी घरी येणार होती. म्हणजे दुपारी पाणी पिता येणार होतं. सगळं घोडं तिथे अडलं होतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. म्हणणारा नशिबाचा असणार, मास्तरांचे चौदा गेले. पहिल्यांदा डॉक्टरचा दाखला सापडेना, दुसऱ्यांदा तपासणीचा अहवाल, तिसऱ्यांदा पुन्हा दाखला. खिडकीतला कारकून सगळे कागद एका टाचणीत अडकवायचा आणि कपाटातून ओढून काढताना खालचे दोन-तीन गळायचे. वर म्हणायचा, "तुम्ही दिलाच नसेल हो." चौदा महिन्यांत मास्तरांना राग असा एकदाच आला, आणि तोही कारकुनाचा नाही. कागद असे ठेवतात, याचा.

"या वेळी बांधून देऊ," ते बायकोला म्हणाले.

रविवारी टेबलावर दाभण, मेण लावलेला दोरा आणि पुठ्ठा आला. मास्तर हनुवटीने दाखवत होते, ती करत होती.

"दाभण सरळ धर. अगं, कागद आहे तो, वांगं नाही."

"अहो, बोट टोचलं माझं!"

"टोचलं ते कळलं ना? मग चांगलं आहे. दोरा ओढ आता."

तीन वेळा उसवून चौथ्यांदा जमलं. आता फाडल्याशिवाय फाइलचं एकही पान सुटलं नसतं.

कारखान्यात एक रीत होती. जो माप घेतो, टाका कुठे पडायचा ते ठरवतो, बांधणी त्याची. शिवणारे, खळ लावणारे कितीही हात असोत, कुणी विचारलं तर उत्तर एकच, मास्तरांनी बांधलं. पान सुटलं तर शिव्याही मास्तरांनाच. ही रीत कारखान्याबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तपासणीच्या दिवशी शिपायाने बायकोला बाहेर बाकावर बसवलं. आत डॉक्टरबाईंनी मूठ वळायला सांगितली, पेन धरायला दिलं, ते पडलं, उचलायला सांगितलं. सगळं टिपून घेतलं. मग फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैलावला.

"किती सुरेख बांधली आहे! कुणी बांधली?"

"मी," मास्तर म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. उलट बऱ्याच दिवसांनी कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला, असं वाटलं.

महिन्याभराने पत्र आलं. बायकोने ते उभ्यानेच वाचून दाखवलं. फाइल स्वतः बांधल्याचे अर्जदाराने मान्य केले आहे. हाताने बारीक काम करण्याची क्षमता शाबूत दिसते. अर्ज नामंजूर.

"तुम्ही असं म्हणालात?"

"हो."

"आणि बोटं कुणाची टोचली?"

मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं, पण तेही हातांसारखंच झालं होतं, आहे की नाही ते बघून ठरवावं लागलं असतं. ती मोरीत जाऊन भांडी जरुरीपेक्षा जास्त वेळ घासत राहिली.

अपील केलं. त्यात तिचीही साक्ष होती. आदल्या दिवशी मास्तरांनी तिला समोर बसवलं.

"यांना त्यातलं काही येत नाही, असं सांग."

"मी शिवलं आणि तुम्ही सांगितलं, हेच खरं आहे ना? तेच सांगते."

"नको. सांगून करून घेता ना, मग शिकवायची नोकरी करा, म्हणतील. सांगितलंसुद्धा नाही. काहीच नाही."

अपिलाचा अधिकारी वयस्कर होता. त्याने तिलाच विचारलं, "फाइल तुम्ही बांधली?"

"हो."

"शिकलात कुठे?"

तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर टेबलाच्या पायाकडे बघत होते.

"कुठे नाही. घरच्या घरी, आपलं आपण."

"मग हे का म्हणाले, मी बांधली?"

"आजारपणापासून असंच काहीबाही बोलतात," ती म्हणाली. हे त्यांचं ठरलेलं नव्हतं.

अधिकाऱ्याने मास्तरांना विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्याने पुढ्यातल्या कागदावर मंजूर असं लिहिलं. पुढच्या महिन्यापासून भत्ता सुरू होणार होता. दोघं जिना उतरून रस्त्याला लागली. तिने त्यांचा दंड धरला होता, कारण हात धरलेला त्यांना कळत नसे. चालता चालता ती म्हणाली, "ते शेवटचं मी... तोंडातून गेलं हो."

"असू दे."

कोपऱ्यावर गाड्या जाईपर्यंत थांबावं लागलं.

"तिसरा टाका जरा सैल होता," मास्तर म्हणाले. "बाकी तुझी बांधणी चांगली होती."