जावई जाईना

त्या वर्षी अकोल्यात आमच्या कॉलनीच्या गणपतीतलं नाटक मी लिहिलं होतं. त्यातला जावई सासुरवाडीवर रुसतो आणि दार आपटून तीनदा निघून जातो. जावयाचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. त्यांनी घरी तालीम इतकी केली की आमच्या बेडरूमच्या दाराची कडीच निखळली.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी कळलं की मंडपातलं स्टेज देखाव्यानं भरलंय, आणि नाटकासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली मिळेल. ट्रॉली भिंतीला टेकवलेली. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला स्पीकर. चढायला एकच शिडी, आणि लाइटवाल्याला फोकस बांधायला तीच हवी होती.

"तुमी सगळे एकदाचे वर चढून घ्या," तो म्हणाला. "नाटक संपलं का शिडी आणून देतो."

"अन् मी निघून जाऊ कुठून?" नवऱ्यानं विचारलं.

"जाता कावून? बसा ना तिथंच."

मी तणतणत शेजारच्या काकूंकडे गेले. त्या निवृत्त शिक्षिका, नाटकातल्या सासूबाई. "नाटक रद्द करा," मी म्हणाले आणि उठले. काकू शांतपणे म्हणाल्या, "च्या ठेवला आहे. पिऊन जाय."

मी परत बसले. बसल्यावर लक्षात आलं, की आपल्याकडे माणूस कितीही तापला तरी चहा ठेवलाय म्हटल्यावर त्याला उठता येत नाही.

तिथंच काकूंच्या डायनिंग टेबलवर नाटक बदललं. जावई उठला की सासू चहाचं सांगणार आणि तो बसणार. चहा मात्र काही होणार नाही. कधी दूध नासलं, कधी गॅस संपला. आधी जावई दार आपटून मोकळा व्हायचा. आता बसावंच लागत असल्यामुळे त्याला मनातलं बोलावं लागलं, आणि त्याची सगळी चांगली वाक्यं मला त्या दुपारी सुचली.

प्रयोगाला लोक पोट धरून हसत होते. पण मंडपाबाहेरच्या चहावाल्याला ते बघवेना. तो किटली आणि कप घेऊन ट्रॉलीजवळ आला आणि सासूबाईंच्या हातात भरलेला कप दिला.

"केव्हापासून थांबून राहिले जावईबुवा. घ्या, प्या."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. चहा पिऊन झाला की जावयाला जावं लागणार, आणि शिडी तर फोकसखाली. काकूंनी एक घोट घेतला.

"याच्यात साखर नाही. जावयाले असा च्या देऊ का मी?"

"काकू, साखर मी स्वतः टाकली आहे," चहावाला गंभीरपणे म्हणाला. "पाहिजे तर या लोकायले विचारा." त्यानं पहिल्या रांगेत कप वाटले. अर्धी रांग म्हणाली, "साखर आहे," अर्धी म्हणाली, "नाही." वाद मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला, आणि आमचा शेवटचा प्रवेश राहूनच गेला.

अभिनयाच्या बक्षिसाचा नारळ मंडळानं चहावाल्याला दिला. जावयानं ट्रॉलीवरूनच टाळ्या वाजवल्या.