खिडकीकाकांचा कोरा रकाना

खिडकीकाका कॉलेजात गेले तर धाकटीचं काय होणार, ही काळजी तिच्या आईच्या डोक्यातून आठ दिवस हलत नव्हती. बासष्ट वर्षांच्या माणसाला संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसायची दुर्बुद्धी नेमकी यंदाच का सुचावी? धाकटीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं.

काकांनी चाळीस वर्षं कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनी केली. शाळा संपताच नोकरीला चिकटले, त्यामुळे स्वतः कधी त्या रांगेत उभे राहिले नाहीत. अर्जात एक रकाना मोकळा दिसला की अर्ज परत, मग समोर प्राचार्यांचा भाचा का असेना. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या मुलांना प्रवेशाच्या मुलाखतीसाठी तयार करायचा उद्योग काढला. काका स्वयंपाकघरात स्टुलावर, मूल बाहेर बोळात, मध्ये सरकती खिडकी. प्रश्न एकच, "का पाहिजे प्रवेश?" उत्तराला आईबापांचा वास आला की खिडकी खट्‌दिशी बंद. मुलानं घरी जायचं आणि उद्या यायचं. काकू म्हणायच्या, ऑफिसात बसून यांचं पोट भरलं नाही, आता माझ्या ओट्यावर कचेरी थाटलीय.

थोरलीच्या वेळी आईनं तिच्याकडून दीड पान पाठ करून घेतलं होतं. समाजाची सेवा, देशाची प्रगती, सगळं होतं त्यात. पहिल्याच वाक्याला खट्. दुसऱ्या दिवशी आई बोळाच्या कोपऱ्यात दबा धरून बसली आणि लेक अडखळली की हळूच पुढचा शब्द पुरवू लागली. काकांनी मान वर न करता सांगितलं, "भिंतीमागच्या बाईंनाही प्रवेश हवा असेल तर रांगेत यावं." त्यानंतर महिनाभर आई भाजीला लांबच्या रस्त्यानं जात होती.

सातव्या खेपेला थोरली चिडली आणि म्हणाली, एवढे ट्रक जाऊनही नदीवरचा पूल पडत कसा नाही ते तिला बघायचंय. खिडकी उघडी राहिली. आता ती परगावी पूल बांधायचंच शिकते, आणि सुट्टीला आली की स्वतःच्या घरात पाऊल टाकायच्या आधी बोळातली खिडकी वाजवते. अशी खिडकी वाजवणारी सतराजणं झाली. कोणी येऊन गेलं की काका दिवसभर कॉलर ताठ करून फिरतात आणि काकूंना त्याचंच पुराण ऐकवतात. गेल्या सुट्टीत थोरलीनं खिडकीतून एक कोरा अर्ज आत सरकवला आणि विचारलं, तुम्हाला का नको प्रवेश?

तोच अर्ज भरून काका आठ दिवसांपूर्वी आईकडे आले. काही राहिलंय का तेवढं बघा, म्हणाले आणि ती बसा म्हणायच्या आत परतले. काय राहिलंय ते आईला दारातच दिसलं. अक्षर मोत्यासारखं, सगळे रकाने भरलेले, फक्त 'शिकण्याचे कारण' कोरं. आईनं अर्ज इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवला. आपण काही वाईट केलेलं नाही, बघायला वेळ झाला नाही इतकंच, असं ती स्वतःला बजावत राहिली.

आज धाकटीनं गणवेश ओढला आणि अर्ज बाहेर आला. मुदत उद्या संपत होती. आईनं मग सांगून टाकलं की हे सगळं तिच्याचसाठी, काका वर्गात जाऊन बसले तर तिला कोण तयार करणार. धाकटीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुझं उत्तर झालं, माझं नाही," ती म्हणाली आणि कपाटाचं सरकतं दार आईच्या नाकासमोर ओढून घेतलं. खट्.

आईला हसू फुटलं. हे कोणाकडून उचललं ते विचारायची गरज नव्हती, आणि काकांवाचून ही पोर अडेल असंही काही दिसत नव्हतं. तिनं अर्ज टेबलावर पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि काकांना लावायला फोन हातात घेतला. इकडचं तिकडचं काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं. त्यांनी उचलला की सरळ विचारायचं, का पाहिजे प्रवेश. आणि उत्तराला काकूंचा वास आला, तर फोन खट्‌दिशी बंद.