अंगठ्याखालची ओळ

दहिवलीत आमच्या शेजारी एक इंग्रजीवाले भावजी राहतात. कुणी मोबाइल पुढे केला की एका शब्दापाशी थांबतात, उरलेल्या ओळीवर अंगठा ठेवतात, सगळ्यात वाईट अर्थ सांगतात आणि म्हणतात, "चहा ठेवा, पुढचं मग वाचतो."

परवा आमच्या गल्लीतल्या सुमनच्या लेकीनं कंपनीचा इंग्रजी मेसेज आईला जसाच्या तसा पाठवला. भावजी आमच्याकडेच बसले होते, सुमननं येऊन मोबाइल त्यांच्यापुढे केला.

"चार्ज लिवलाय गं! म्हंजे आरोप. पोलिसांचं काम दिसतंय."

सुमन मटकन खालीच बसली.

मी चहा गाळता गाळता ओरडले, "भावजी, अंगठा काढा, अख्खी ओळ वाचा!"

वाचली. पोरीला बढती मिळाली होती, अख्ख्या स्टोअरचा चार्ज तिच्याकडे आला होता.

"तसाही अर्थ होतो," म्हणाले, आणि कपाला हात पुढे केला.

कप मी सुमनला दिला.

"माझ्यात साखर कमी घाला हां, वैनी."