वसुधाकाकूंची बोट

वसुधाकाकू मला फारशा आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. कऱ्हाडच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून त्या अमेरिकेत, एडिसनला नातवंडं सांभाळायला आल्या. नातवंडं कॉलेजात गेली, पण काकूंच्या गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. आता त्या शिट्टीच्या तालावर आमचे आईबाप नाचतात. सहा महिन्यांसाठी आलेली, दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसणारी ही मंडळी काकू गोळा करतात आणि अधूनमधून कुठेतरी फिरवून आणतात. नुसतं देऊळ आणि मॉल त्यांना चालत नाही. काहीतरी नवं दाखवायचं आणि नवं खिलवायचं, हा त्यांचा हट्ट.

या जूनमध्ये ठरली नदीतून बोटीची सहल, आणि वरच्या अंगाला एका थाई बाईच्या हॉटेलात जेवण. काकू आधी स्वतः तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, माशाच्या सॉसशिवाय करी करून घेतली, चाखली, आणि मग ग्रुपवर फर्मान काढलं: "डबे आणायचे नाहीत. मागच्या वेळी चिवडा-लाडू खाऊन सगळ्यांनी जेवण टाकलं." धक्क्यावर त्यांनी चक्क पिशव्या तपासल्या आणि सापडलेले डबे परत गाडीत ठेवायला लावले. मी मनात म्हटलं, या बाईला कुणीतरी एकदा सुनावायला हवं.

माझे बाबा नागपूरहून आले होते. आई गेल्यावर मीच त्यांना ओढून आणलं. मधुमेह जुना, दिवसातून तीनदा इन्सुलिन. घरात ते जवळजवळ बोलतच नसत, म्हणून या सहलीला मीही सोबत निघाले. पण बोटीत बसल्या बसल्या ऑफिसचा फोन आला आणि मी मागच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथूनच काकूंची घोषणा ऐकली: "वीस मिनिटांत जेवण! गोळ्या-इंजेक्शनवाल्यांनी उरकून घ्या!"

पुढे रेल्वेचा जुना पूल आडवा येतो. बोट आली की त्याचा मधला भाग बाजूला फिरतो आणि वाट देतो. त्या दिवशी उन्हाने लोखंड फुगलं आणि पूल जागचा हलेना. कॅप्टन म्हणाला, दहा मिनिटं. मग परत म्हणाला, दहा मिनिटं.

मी फोन ठेवून बाबांजवळ आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. हात थरथरत होते.

"बाबा, इंजेक्शन घेतलंत?"

"तू कोण गं?" बाबा चिडून म्हणाले.

इन्सुलिन अंगात गेलेलं आणि पोटात काही नाही. साखर उतरत होती. मी ओरडले, "कुणाकडे काही गोड आहे का?" सगळ्यांनी पिशव्या उपड्या केल्या. ओवा निघाला, सुपारी निघाली, हिंगाच्या गोळ्या निघाल्या. बोटभर साखर होती, पण ती सगळ्यांच्या रक्तात. कॅप्टनने घाईघाईने आपला कूलर उघडला. त्यात पाणी आणि बिनसाखरेचा डाएट सोडा.

"टर्न बॅक!" मी किंचाळले. तो म्हणाला की मागे जायला तासभर लागेल, रेडिओवर मदत मागितलीय. बाबांची मान एका बाजूला कलायला लागली. त्या क्षणी मला वाटलं, मी यांना इथे मरायलाच आणलं.

आमच्या मागे जरा अंतरावर दुसरी एक बोट थांबली होती. त्यात एक कुटुंब, लहान मुलं. काकू कठड्याशी गेल्या आणि त्यांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. "शुगर! ज्यूस! इमर्जन्सी!" पलीकडच्यांनी हसून हात हलवले. मुलांनीही हलवले. काकूंनी पुन्हा शिट्टी मारली, मग बाबांना मागून धरून उभं केलं आणि त्यांची लोंबणारी मान त्या लोकांना दिसेल अशी धरली. हलणारे हात थांबले. बोट झपाट्याने जवळ आली आणि त्यातल्या आईने पोराच्या हातातलाच ज्यूसचा खोका काढून माझ्या हातात दिला.

मी स्ट्रॉ बाबांच्या ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले. "साखर नको. डायबेटिस आहे मला."

"बाबा, प्लीज!"

"नको म्हटलं ना."

"शशिकांतराव!" काकूंचा आवाज अख्ख्या नदीवर घुमला. "तोंड उघडा!"

बाबांनी शाळकरी पोरासारखं तोंड उघडलं. घोट गेला. दुसरा गेला. काकूंनी दुसरा खोका मागून घेतला. बऱ्याच वेळाने बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "कादंबरी, रडतेस कशाला?"

थोड्या वेळाने पूल फिरला. कॅप्टनने बोलावलेली मदतीची माणसं थाई बाईच्या धक्क्यावर उभीच होती. त्यांनी बाबांना तपासलं, आता ठीक आहे म्हणाले. मग मात्र माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी काकूंना वाट्टेल ते बोलले. डबे का काढून घेतले, जेवणाचा पत्ता नसताना इंजेक्शनं घ्यायला का सांगितलं, माणसं म्हणजे तुमची शाळेतली पोरं वाटली का. थाई बाई हातात भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. काकूंनी ते भांडं तिच्या हातातून घेतलं. सगळ्यांना वाढत राहिल्या, स्वतः जेवल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर बाबांनी माझा हात धरला. "बेटा, डोस मीच जास्त घेतला होता. जेवणात गोड भाताबरोबर आंबा आहे, असं काकू सकाळी म्हणाल्या. वाटलं, दोन फोडी खाऊ."

"बाबा! आणि हे आत्ता सांगताय?"

"काकूंना तेव्हाच सांगितलं, तू त्या मदतीच्या माणसांशी बोलत होतीस ना, तेव्हा. त्या म्हणाल्या, घरी पोचेपर्यंत थांबा. पोरीचा राग माझ्यावरच निघू दे. तुमच्यावर निघाला तर ती तुम्हाला पुन्हा दाराबाहेर पाठवणार नाही." बाबा पाण्याकडे बघत होते. "पण तू त्यांना बोललीस ते मला बघवलं नाही."

काकू पुढे एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. माफी मागायची होती, विचारलं वेगळंच.

"काकू, पुढच्या वेळी बाबांना घ्याल ना?"

"घेईन," त्या म्हणाल्या. "चूक माझीही झाली. ताट समोर आल्याशिवाय यापुढे इंजेक्शन नाही. आणि त्यांच्या शेजारी तू बसायचंस. फोन घरी ठेवून."

मी मान हलवली आणि तिथेच, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले.