उस्मानची अपुरी सतरंजी

अकोटहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानाने गाडीवरून खाली न उतरताच मला सांगितलं, "तुमचा जोडीदार गेला, गणपतराव." अमरावतीच्या बाजारात तेव्हा गाड्यांची इतकी दाटी होती की मला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं… आणि मागच्या गाड्यांनी रेटल्यामुळे तो पुढे निघून गेला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

उस्मान मोमीन, मी कोष्टी, दोघंही पिढीजात विणकर. अकोटला एकाच मागावर आमची अर्धी हयात गेली. सतरंजी रुंद असली की एका माणसाचा हात पोचत नाही, दोघांना शेजारी बसावं लागतं. तो उजवीकडे, मी डावीकडे. ताणा म्हणजे मागावर आधी ताणून घेतलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे त्यांतून आडवं जाणारं सूत, एवढं मला वडिलांनी शिकवलं होतं. पुढचं सगळं आम्ही एकमेकांच्या चुका उसवत शिकलो. बाणा भरला की उस्मान लोखंडी पंजाने तो ठोकून बसवायचा, इतका दाट की ताणा कुठून दिसू नये. "ताना दिसला तं सतरंजी नागडी समज," असं म्हणायचा. सतरंजीला कुणी गालिचा म्हटलं की त्याला राहवत नसे. मग गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बसवून घ्यायचा आणि सांगायचा, की गालिच्यात ताण्याला एकेक गाठ मारून वर लव सोडतात, म्हणून त्याला सुलटी-उलटी बाजू असते. "हिले गाठ नाही, लव नाही, उलटी बाजूच नाही. मळली तं पलटवून घ्या."

मग दूर अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सगळा कापूस गाड्यांत भरून जाऊ लागला. घरी कातायला चार पेळू ठेवावेत असंही कुणाला वाटेना. ज्या बायकांकडून आम्ही जाड सूत घ्यायचो, त्यांचे चरखे थांबले. विलायती सूत मिळे, पण ते महाग आणि सतरंजीला फार बारीक. माग दिवसचे दिवस बंद राहू लागला, तेव्हा मी अमरावतीला कापसाच्या गाठी बांधायच्या कामाला जायचं ठरवलं. उस्मानलाही चल म्हटलं.

"सूत तुटलं तं मारतो ते आपली गाठ चिमटीत मावते," तो म्हणाला. "ते माणसाएवढी गाठ मले नाही जमणार. तू जाय. तुह्या घरी खाणारी तोंडं हायेत."

त्याच्या घरी बायको वारल्यापासून एकटी मुलगी, जैनब होती. त्याच उन्हाळ्यात ती लग्न होऊन बाळापूरला गेली. तिच्यासाठी मागावर चढवलेली सतरंजी मात्र सुताअभावी अर्धीच राहिली होती. "मागून पाठवतो," असं त्याने व्याह्यांना सांगितलं होतं.

थंडीत मी त्याला भेटायला गेलो. ती आमची शेवटची भेट. तो अंगणात बसून घरातली मोठी सतरंजी बोटांनी उसवत होता. त्याच्या स्वतःच्या लग्नात अंथरलेली.

"हे काहून करून राहिला?"

"सूत पायजे ना."

इतकी वर्षं माणसं बसून मधलं सूत पार विरलं होतं, हातात येता येता तुटत होतं. किनारीजवळचं तेवढं धड निघे. ते घेऊन तो मागावर बसायचा, अर्ध्यापर्यंत बाणा भरायचा, मग उठून माझ्या जागेवर यायचा आणि उरलेला भरायचा. मधेच खोकल्याची ढास लागायची. मी माझ्या जागेवर बसलो. दुपार कलायच्या आत सूत संपलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय… थांबायचं."

मी अमरावतीला परतलो. तिथे छपरापर्यंत कापूस होता. तो नाकातोंडात जायचा, भाकरीत यायचा, आणि त्यातला ओंजळभर मी उस्मानसाठी मिळवू शकत नव्हतो. मुकादमाला विचारलं तर तो हसला. माझ्या खोलीशेजारच्या एका म्हातारीकडे चरखा होता. तिने गाड्यांतून रस्त्यावर सांडलेला कापूस वेचून जमेल तसं थोडं सूत कातून दिलं. ते पाठवण्याआधी तो गाडीवान आला.

सूत घेऊन मी अकोटला गेलो. जैनब बाळापूरहून आलेली होती. "चाचा, पुरी व्हईल का?" तिने विचारलं. मी एकट्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणा भरला. हातभरही पट्टी झाली नाही. घर भाड्याचं होतं, माग हलवायचा होता. शेवटी ताणा कापला, सुट्या धाग्यांच्या दशा वळल्या. दुसरं टोक जैनबने धरलं होतं.

परवा बाळापूरला जाणं झालं. जैनबची सासू माझ्यापाशी तक्रार करत होती, "बाजारातून नवी आणून देतो म्हणतो आम्ही, तं आयकत नाही. बापाच्याच सतरंजीवर निजते. ते आखूड पडते, पाय खाली मातीत जातात."

जैनब पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला.

"पाय पोटाशी घेतले की पुरते मले," ती म्हणाली.